सिडनी घराण्यातील दोन चेहरे

इसवी सन १५६२ च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडची राणी एलिझाबेथ हॅम्प्टन कोर्टच्या राजवाड्यात देवीच्या रोगाने अंथरुणास खिळली. राणीचे वय एकोणतीस वर्षांचे, गादीला वारस नाही, आणि दुखणे असे की, मंत्रिमंडळाने तिच्या जीविताची आशा जवळजवळ सोडली होती. ह्या दिवसांत ज्या मानकरी स्त्रिया तिच्या उशाशी बसून होत्या, त्यांत सर हेन्री सिडनी ह्याची पत्नी मेरी ही प्रमुख होती. राणी बरी झाली, आणि तिच्या तोंडावर वणही फारसे राहिले नाहीत. परंतु शुश्रूषा करणाऱ्या मेरीला तोच रोग जडला, आणि तो तिचा चेहरा कायमचा खरवडून गेला.

ही हकीकत आपणांस मुख्यतः तिच्या नवऱ्याच्या तोंडून कळते. सर हेन्री त्या वेळी राजकार्यानिमित्त फ्रान्सच्या किनाऱ्यावर गेला होता. त्यानंतर वीस वर्षांनी, म्हणजे १५८३ च्या मार्च महिन्यात, त्याने राणीचा मंत्री वॉल्सिंगहॅम ह्यास एक लांबलचक पत्र लिहिले. मुलाच्या विवाहाचे बोलणे वॉल्सिंगहॅमच्या मुलीशी चालले होते. तेव्हा आपल्याजवळ द्रव्य का नाही, राजसेवेत आपण काय काय गमावले, ह्याचा तो हिशेब होता. आयर्लंडमधील कष्ट, डोक्यावर झालेले कर्ज, पदरी न पडलेली बक्षिसे, असल्या जमाखर्चातच पत्नीच्या चेहऱ्याचीही एक रक्कम मांडलेली आहे. निघताना आपण जिला अत्यंत रूपवती अशी पाहून निघालो, ती परत आल्यावर देवी जितकी कुरूप करू शकतील तितकी कुरूप झालेली आढळली, आणि तेव्हापासून ती एकांतात राहते, असा त्या मजकुराचा आशय आहे. नवऱ्याला तिच्याबद्दल कळवळा होता ह्यात शंका नाही. पण तिचे रूप ही आपल्या घराण्याची राणीच्या पायी बुडालेली ठेव आहे, हा सूरही त्यातून लपत नाही. स्वतः मेरीला आरशात पाहताना काय वाटले, हे तिने लिहून ठेविलेले आमच्या पाहण्यात नाही. ती सर्वस्वी कोपऱ्यात बसली होती असेही नव्हे. पुढील काळातही ती राणीच्या सेवेत दरबारी वावरत होतीच. तरीही पुढच्या चरित्रकारांनी तिच्याविषयी जे लिहिले, त्यात तो बुरखा आणि तो एकांतच प्रथम येतो.

आता ह्याच घरातील दुसरा चेहरा पाहावा. मेरीचा वडील मुलगा म्हणजे सर फिलिप सिडनी. कवी, योद्धा, मुत्सद्दी, आणि त्या युगातील इंग्रज सरदारपुत्रांचा आदर्श. १५८६ साली झुटफेनच्या लढाईत मांडीला गोळी लागून तो आर्नहेम येथे वयाच्या एकतिसाव्या वर्षी मरण पावला. पुढे फेब्रुवारी १५८७ मध्ये लंडनच्या सेंट पॉल देवालयात त्याची जी अंत्ययात्रा निघाली, तिच्यासारखी सामान्य प्रजाजनाची अंत्ययात्रा इंग्लंडने पूर्वी क्वचितच पाहिली असेल. ह्या फिलिपच्या तोंडाविषयी नाटककार बेन जॉन्सन ह्याने १६१८-१९ च्या हिवाळ्यात स्कॉटलंडमध्ये आपला यजमान कवी ड्रमंड ह्याच्याजवळ एक शेरा मारला, आणि ड्रमंडने तो टिपून ठेविला. फिलिपची मुद्रा काही रमणीय नव्हती. मुरुमांनी त्याचा चेहरा बिघडून गेला होता, आणि तो उष्ण, सळसळत्या रक्ताचा होता, असे जॉन्सनचे म्हणणे. जॉन्सन त्या वेळी मद्याच्या रंगात असे आणि त्याची जीभ तिखट होती, हे खरे; शिवाय फिलिप वारला तेव्हा तो चौदा-पंधरा वर्षांचा पोर होता, म्हणजे ही साक्ष ऐकीवच समजली पाहिजे. फिलिपलाही बालपणी देवी आल्या असाव्यात आणि ते वण त्यांचेच असावेत, असे मानणारे अभ्यासकही आहेत. परंतु चेहरा खडबडीत होता, एवढे मान्य करण्यास हरकत नाही.

आई आणि मुलगा, दोघांच्याही चेहऱ्यावर वण. आईचे वण नवऱ्याच्या पत्रात नुकसान म्हणून नोंदले गेले. मुलाचे वण एका मेजवानीच्या गप्पांत, तेही तीस वर्षांनी, आणि तेही त्याच्या रक्ताच्या उष्णतेची खूण म्हणून. तत्कालीन वैद्यकात पुरुषप्रकृती उष्ण आणि कोरडी, स्त्रीप्रकृती शीत आणि आर्द्र, असा समज असे. तेव्हा पुरुषाच्या तोंडावरील लाल फोडांना शौर्याचा एक दूरचा वास येई, असा तर्क आम्ही केला तर तो अगदीच ओढूनताणून होणार नाही. फिलिपची जी चित्रे आज उपलब्ध आहेत, त्यांत त्याची त्वचा तुळतुळीत आहे. चित्रकाराने ते वण गाळले, आणि कोणालाही त्यांची उणीव भासली नाही.

पुरुषांच्या चेहऱ्याला कोणी हसतच नसे, असा मात्र ह्याचा अर्थ वाचकांनी करू नये. खुद्द बेन जॉन्सनचेच तोंड वणांनी भरलेले होते, आणि १६०१ साली डेकर नावाच्या नाटककाराने आपल्या एका नाटकात, अंथरूण ऊबदार करण्याच्या निखाऱ्याच्या भांड्याला जसे भोकाभोकांचे झाकण असते तसे ह्याचे तोंड, अशी त्याची भर रंगभूमीवर टर उडविली होती. जॉन्सनने ती पचविली, आणि उलट दोन तडाखे लगावले. त्याच्या कीर्तीला त्यामुळे ओरखडाही उठला नाही. मौज अशी की, ह्याच जॉन्सनने देवीच्या रोगाला उद्देशून एक काव्य लिहिले आहे. त्यात त्याने रोगाची खरडपट्टी काढली आहे ती एका सुंदर स्त्रीचे रूप हिरावून घेतल्याबद्दल. स्वतःच्या तोंडाविषयी तेथे अक्षरही नाही. पुरुषाच्या तोंडावरचा वण ही थट्टेची बाब आणि स्त्रीच्या तोंडावरचा वण ही शोकाची, हा भेद एकाच माणसाच्या लेखणीतून इतका स्वच्छ उतरलेला क्वचितच सापडतो.

पुढील दोन शतके हा भेद तसाच चालत आला. वॉशिंग्टनला १७५१ साली बार्बेडोस बेटावर देवी आल्या आणि त्याच्या नाकावर वण राहिले. त्याच्या थोरवीची चर्चा करणाऱ्यांना त्यांची आठवणही होत नाही. फ्रेंच राज्यक्रांतीतील मिराबो ह्याचा चेहरा तर वयाच्या तिसऱ्या वर्षीच देवींनी छिन्नविच्छिन्न करून टाकला होता. पण ह्या कुरूपतेलाच त्याने व्यासपीठावरचे हत्यार बनविले, आणि आपल्या भयंकर मस्तकाचा उल्लेख तो अभिमानाने करी. स्त्रीला असे हत्यार उपलब्ध नव्हते. लेडी मेरी वर्टली माँटेग्यू ही तल्लख बुद्धीची, विद्वान, लेखणीची धनी. १७१५ च्या डिसेंबरात तिला देवी आल्या, पापण्यांचे केस कायमचे झडले, कांती गेली. त्यानंतर तिने जे काव्य रचले, त्यात रूप गमावलेली एक तरुणी आरसा दूर सारून आपल्या लोपलेल्या साम्राज्याबद्दल विलाप करते. साम्राज्य हा शब्द आम्ही जाणून वापरतो, कारण त्या समाजात रूप ही स्त्रीच्या हाती असलेली जवळजवळ एकमेव सत्ता होती. परंतु लेडी मेरी विलाप करून थांबली नाही. नवरा तुर्कस्तानात वकील असताना तेथील स्त्रिया मुलांना देवी टोचतात हे तिने पाहिले, १७१८ साली आपल्या मुलाला आणि १७२१ साली लंडनमध्ये मुलीला टोचून घेतले, आणि वैद्यमंडळींचा रोष पत्करून ही रीत इंग्लंडात रूढ करण्याचा मार्ग मोकळा केला. तिचा एक भाऊ देवीने मेला होता, हेही त्या खटाटोपाचे कारण होतेच.

ज्यांना असे काही करणे शक्य नव्हते, त्यांच्याकरिता रंग आणि टिकल्या होत्या. रेशमाच्या किंवा मखमलीच्या काळ्या टिकल्या चिकटवून वण झाकण्याची चाल सतराव्या शतकात युरोपभर पसरली, आणि ती पुरुषांनीही उचलली होती. शिशाच्या सफेद्याचा लेप मात्र त्वचेला खाऊन टाकणारा. कातडी बिघडली की लेप अधिक दाट, आणि लेप दाट झाला की कातडी अधिक बिघडणार, असे ते चक्र होते. लेडी कॉव्हेंट्री ही प्रसिद्ध सुंदरी १७६० साली अवघ्या सत्तावीस वर्षांची असता वारली, तिच्या मृत्यूचा दोष तत्कालीन लोकांनी ह्याच सफेद्याला दिला. राणी एलिझाबेथही देवीचे वण झाकण्यासाठी असेच थर चढवी, ही कथा फार लोकप्रिय आहे. परंतु तिला समकालीन पुरावा दुबळा आहे, आणि राणीच्या चेहऱ्याविषयी लोकांना काय सांगावेसे वाटले ह्याचाच तो पुरावा अधिक आहे.

जगातून देवीचे उच्चाटन झाल्याचे १९८० साली जाहीर झाले. तेव्हापासून तरुण चेहऱ्यावर खड्डे दिसले तर ते बहुधा मुरुमांचे, ज्यांना आपल्याकडे तारुण्यपीटिका असे सौम्य नाव आहे. सुश्रुताने त्यांना मुखदूषिका म्हटले आहे, त्यांची तुलना सावरीच्या काट्यांशी केली आहे, आणि कफ, वात व रक्त ही कारणे देऊन त्या तरुणांच्या तोंडावर येतात असे सांगितले आहे. तेथे मुलगा-मुलगी असा भेद नाही. तो भेद शरीरशास्त्राने दाखविला तो बराच उशिरा. १९४१ साली हॅमिल्टन नावाच्या अमेरिकन संशोधकाने वयात येण्यापूर्वी वृषण गमावलेल्या पुरुषांचा अभ्यास केला. अशांना मुरुमे येत नाहीत. पण त्यांना पुरुषी अंतःस्राव टोचला तर येतात, असे त्याने दाखवून दिले. हा स्राव त्वचेतील तैलग्रंथींना चेतवितो. ग्रंथीचे तोंड बुजते, आत जंतू वाढतात, भोवती दाह होतो, आणि दाह खोल गेला की त्वचेच्या तळाचे तंतू नष्ट होऊन वर खड्डा पडतो. मुलींच्या अंगातही हा स्राव असतो, परंतु अल्प. म्हणून मुलींना मुरुमे लवकर येतात, कारण त्या लवकर वयात येतात, आणि पुष्कळदा पंचविशीनंतरही मासिक ऋतूच्या आगेमागे पुन्हा पुन्हा येत राहतात. मुलांना ती उशिरा येतात, पण गाठी होऊन, पाठीवर आणि छातीवर पसरून, अधिक उग्र रूपाने येतात.

ह्यावरून कोणीही सहज अनुमान करील की, मुलांच्या चेहऱ्यावर वणही अधिक राहत असले पाहिजेत. आमचीही समजूत तीच होती. परंतु इंग्लंडमधील लीड्स येथील त्वचारोगतज्ज्ञांनी १८५ रोग्यांचे बारकाईने परीक्षण करून १९९४ साली जे प्रसिद्ध केले, ते निराळे आहे. पाठीवर आणि छातीवर पुरुषांना वण अधिक, हे खरेच ठरले. पण चेहऱ्यावर, थोडे का होईना, वण शेकडा ९५ जणांना होते, आणि त्यात स्त्री-पुरुष असा फरक नव्हता. म्हणजे ज्या अवयवावरून जगाने एवढा भेद केला, त्या अवयवावर निसर्गाने तो केलेला नाही. ह्याच परीक्षणात आणखी एक गोष्ट निघाली. मुरुमे सुरू झाल्यापासून योग्य उपचार मिळेपर्यंत जो काळ जातो, त्या दिरंगाईशी वणांचा थेट संबंध होता.

उपचारांचा इतिहासही असाच दुपदरी आहे. हॅम्बुर्गच्या उन्ना ह्या त्वचारोगतज्ज्ञाने १८८२ साली कातडीचा वरचा थर सोलून काढणाऱ्या आम्लांचे वर्णन केले. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टर मॅकी ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभापासून मुरुमांच्या वणांवर फिनॉल लावण्यास प्रारंभ केला, तरी आपले अनुभव त्याने १९५२ पर्यंत प्रसिद्ध केले नाहीत. बर्लिनच्या क्रोमायरने १९०५ साली दातांच्या वैद्यांप्रमाणे फिरत्या हत्याराने वण घासून काढण्याची युक्ती मांडली. दरम्यान क्ष-किरणांनीही मुरुमे बरी करण्याची लाट येऊन गेली. तैलग्रंथी सुकल्या खऱ्या, पण कित्येकांना दोन-तीन दशकांनी त्याच जागी कर्करोगाचे भोग भोगावे लागले. गोऱ्या कातडीवर जे आम्ल नुसते सोलते, ते सावळ्या कातडीवर काळे किंवा पांढरे डाग ठेवून जाण्याचा धोका असतो, हे आमच्या वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावे. ह्या विषयात घरगुती धाडसाइतके घातक दुसरे काही नाही.

नावातसुद्धा पक्षपात कसा शिरतो, ह्याचे एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. पॅरिसच्या ब्रोक नावाच्या तज्ज्ञाने १८९८ साली आरशासमोर बसून फोड टोकरण्याच्या आणि त्यायोगे वण ओढवून घेण्याच्या सवयीचे वर्णन केले, आणि त्या विकाराच्या नावातच त्याने तरुण मुलींचा उल्लेख घातला. फोड टोकरणारे तरुण मुलगे जगात नव्हते असे नाही. पण आरशासमोर बसलेली मुलगीच वैद्याच्याही डोळ्यांत भरली.

आणि तरीही सर्वांत मोठा भेद घडला तो एका खरोखर गुणकारी औषधाने. आयसोट्रेटिनॉइन हे औषध १९८२ साली अमेरिकेत उग्र, गाठी होणाऱ्या मुरुमांकरिता मान्य झाले. वण पडण्यापूर्वीच रोगाचे मूळ सुकविणारे असे दुसरे साधन त्यापूर्वी नव्हते. परंतु गर्भवतीने ते घेतल्यास बालकाच्या मेंदूत, हृदयात, कानांत गंभीर व्यंगे निर्माण होतात, हे पुढच्या एक-दोन वर्षांतच जन्मलेल्या दुर्दैवी बालकांवरून कळून आले. तेव्हापासून अमेरिकेत स्त्रियांवरील निर्बंध कडक होत गेले, आणि २००६ पासून तेथे सर्व रोग्यांची नोंद, स्त्रियांच्या वारंवार गर्भपरीक्षा आणि संततिनियमनाची हमी ही सक्तीची झाली. पुरुषाने सही करावी आणि गोळी घ्यावी. स्त्रीने मात्र आधी आपल्या खाजगी आयुष्याचा जबाब द्यावा. हा निर्बंध अन्याय्य आहे असे आम्ही म्हणत नाही. त्यामागे खरी बालके आहेत. पण त्याचा परिणाम असा की, भिऊन किंवा संकोचून कित्येक मुली हे औषध टाळतात, आणि वण पडून जातात. उलटपक्षी पुरुषी स्रावाला आवर घालणाऱ्या पोटात घेण्याच्या गोळ्या स्त्रियांनाच देता येतात. पुरुषाने घेतल्या तर त्याच्या छातीची वाढ होण्यासारखे दोष उद्भवतात. दोघांनाही लावता येईल असा स्रावरोधक मलम अमेरिकेत २०२० साली प्रथम मान्य झाला.

वण पडून गेल्यावर जे उपाय आहेत, सुईने टोचणे, खालून तंतू सोडविणे, तेजःकिरणांनी त्वचा नव्याने उगवविणे, त्यांत निदान लिंगभेद थोडा आहे. दाढीच्या केसांची मुळे जखम भरण्यास मदत करतात, हा पुरुषाला एक लाभ. उपचारानंतर काही आठवडे जी लाली राहते, ती स्त्रीला प्रसाधनाने झाकता येते, हा तिला दुसरा. परंतु दवाखान्याची पायरी चढणे हाच पुरुषाला अवघड भाग. आपण चेहऱ्यासाठी आलो, हे सांगताना मुलाची जीभ अडखळते.

आपल्या घरांकडे वळून पाहावे, तर दिरंगाई दोन्हीकडे आहे, फक्त तिची तऱ्हा निराळी. मुलीच्या गालावर पहिली पुटकुळी दिसताच घर हवालदिल होते. चंदन, हळद, डाळीचे पीठ, मुलतानी माती, शेजारणीने सुचविलेले मलम, औषधाच्या दुकानातून विचारपूस न करता आणलेली पांढरी नळी, असे सर्व एकापाठोपाठ एक लावले जाते, आणि त्या गडबडीत वर्ष-दोन वर्षे निघून जातात, कारण पुढे मुलगी पाहावयास येणारे गालांकडेच पाहणार, ही धास्ती. मुलाला मात्र कोणी काहीच लावत नाही. पुरुषाच्या तोंडाला काय पाहावयाचे, लग्न झाले की जाईल, असे म्हणून वडील वर्तमानपत्र उलटतात. तो मुलगा वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसतो, छायाचित्र काढताना तोंड फिरवितो, आणि पाठीवरच्या गाठींमुळे पोहावयास जाणे सोडून देतो. पण घरात ह्याचा उच्चार तो कधी करीत नाही, आणि त्याला तो करावयाचा असतो हेही कोणाच्या ध्यानात येत नाही.